‘सेड टू’चं ‘टोल्ड’ होतं तेव्हा

स्मरणिकेसाठी लेख हवा म्हणून आपल्या समितीचा फोन आला, तेव्हा मला वाटलं, शाळेच्या आठवणी सगळेच लिहितील. सहल, गॅदरिंग, पावसात गळणारा सहावीचा वर्ग, मधल्या सुट्टीतली बोरं. मी काय वेगळं लिहू? दोन दिवस विचार केला आणि डोळ्यांसमोर आला तो आठवीचा फळा. इंग्रजीच्या बाईंनी मधोमध उभी रेघ मारलेली. डावीकडे ‘डायरेक्ट’, उजवीकडे ‘इनडायरेक्ट’. त्याखाली जोड्या: नाऊचं देन, हिअरचं देअर, धिसचं दॅट, टुडेचं दॅट डे, टुमारोचं द नेक्स्ट डे, विलचं वुड आणि सगळ्यात शेवटी खडू आपटून, ‘सेड टू’चं ‘टोल्ड’.

हा तक्ता आपण पाढ्यांसारखा पाठ केला. दहावीच्या पेपरात ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’मध्ये एक वाक्य यायचंच आणि तो मार्क हमखास पदरात पडायचा. पण हे असं बदलायचं तरी कशाला, हे कुणी विचारलं नाही. बाईंनी सांगितलंही नसतं, कारण पोर्शन संपवायचा होता. तीस वर्षांनी मी तोच प्रश्न घेऊन वाचायला बसले. जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवते. शेवटी एक जुना हिशेबही चुकता करायचा आहे.

आधी आपली नेहमीची चूक आठवा. ‘राम सेड, आय अ‍ॅम टायर्ड’ याचं आपल्यापैकी निम्म्या वर्गानं ‘राम सेड दॅट आय अ‍ॅम टायर्ड’ असं केलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, “दमलाय कोण, राम की तू?” वर्ग हसला. पण ती चूक मठ्ठपणाची नव्हती. आपण मराठीत विचार करत होतो. ‘राम म्हणाला की मी दमलोय’ हे मराठीत अगदी शुद्ध वाक्य आहे आणि त्यातला ‘मी’ म्हणजे राम, हे कुणालाही कळतं. मराठी माणूस दुसऱ्याचं बोलणं सांगताना त्याचे शब्द सहसा त्याच्याच तोंडात राहू देतो. काळ मागे सरकवत नाही. ‘दमलोय’चं ‘दमला होता’ करत नाही.

ही सवय जुनी आहे. मराठी गद्याचा अगदी सुरुवातीचा मोठा ग्रंथ म्हणजे लीळाचरित्र. सुमारे १२७८च्या सुमाराला म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं, त्यांचं बोलणं ऐकलं होतं, त्यांना गाठून त्यांनी विचारपूस केली. त्या ग्रंथात पानोपानी संवाद आहेत आणि बोलणारा बोलतो तो स्वतःच्या तोंडानं. एकाच प्रसंगाची दोघांना वेगवेगळी आठवण असेल, तर तो फरकही नोंदवून ठेवायची रीत महानुभाव परंपरेत होती. बोललेला शब्द नेमका कोणता होता याला त्या मंडळींच्या लेखी फार मोल होतं, कारण तो गुरूचा शब्द होता.

तेव्हा अवतरणचिन्हं नव्हती, हेही लक्षात घ्या. मग बोलणं कुठे संपलं हे कसं कळायचं? संस्कृतात त्यासाठी शेवटी ‘इति’ येतं. मराठीत तेच काम ‘असे’, ‘म्हणून’ यांनी केलं. ‘मी येतो असं म्हणाला’, ‘उद्या ये म्हणून सांगितलं’. आधी बोलणं आणि मग त्याला कुलूप. ‘की’ हा आपला लाडका शब्द फारसीतून आला. त्यानं क्रम उलटा केला. आधी ‘तो म्हणाला की’ आणि मग बोलणं. अवतरणचिन्हं आली ती छापखान्याबरोबर, इंग्रजीच्या वळणानं. मोल्सवर्थच्या कोशकामातले सहकारी मेजर कँडी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर विरामचिन्हांवर मराठीत पुस्तिका लिहिली. आज आपण ज्या स्वल्पविरामावरून भांडतो, तो मराठीत रुळवण्यात या इंग्रज गृहस्थांचा मोठा वाटा आहे.

आता फळ्याच्या उजव्या बाजूकडे येऊ. बोलणं सांगताना काळ मागे सरकवायची सवय इंग्रजीची स्वतःची आहे. येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकारानं १९२४च्या आपल्या पुस्तकात तिला ‘बॅकशिफ्टिंग’ म्हटलं. पण त्याचे तक्ते करून मुलांकडून कवायत करून घ्यायची रीत आली लॅटिनच्या वर्गातून. लॅटिनमध्ये थेट बोलण्याला ‘ओरातिओ रेक्ता’, म्हणजे सरळ बोलणं, आणि सांगितलेल्या बोलण्याला ‘ओरातिओ ओब्लिक्वा’, म्हणजे तिरकं बोलणं, अशी नावं आहेत. लॅटिनचं तिरकं बोलणं इंग्रजीपेक्षा कितीतरी अवघड असतं. कर्त्याची विभक्ती बदलते, मुख्य क्रियापदाचं रूप बदलतं आणि पोटवाक्यांतली क्रियापदं वेगळ्याच अर्थात जातात.

इंग्लंडच्या शाळांमधली मुलं हे शिकायची ज्युलियस सीझरच्या ‘गॉलच्या युद्धा’वरून. सीझरनं ते पुस्तक लिहिताना स्वतःचा उल्लेखही ‘सीझर’ असा केला, ‘मी’ असा नाही. त्याच्या शत्रूंची भाषणं पहिल्या भागात भरपूर आहेत, पण जवळजवळ सगळी तिरकी. जर्मनांचा राजा अरिओव्हिस्तुस काय म्हणाला, ते आपल्याला सीझरच्या तोंडून कळतं. शत्रूचा स्वतःचा आवाज लांबलचक, थेट ऐकू येतो तो बऱ्याच पुढे, सातव्या भागात. अलेसियाच्या वेढ्यात अन्न संपलं, तेव्हा क्रितोग्नातुस नावाचा सरदार म्हणतो की लढू न शकणाऱ्यांना खाऊन जगू, पण शरण जायचं नाही. तेवढं भाषण सीझरनं थेट दिलं आणि ते त्याच्या क्रौर्यामुळे नोंदवण्याजोगं आहे, असं आधी सांगूनच दिलं. म्हणजे कुणाला स्वतःच्या तोंडानं बोलू द्यायचं आणि कुणाचं बोलणं आपण सांगायचं, हे लिहिणाऱ्याच्या हातात असतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सेनापतीला हे पक्कं ठाऊक होतं.

हा तक्ता आपल्या फळ्यापर्यंत कसा पोचला, तो प्रवास थोडक्यात सांगते. १८३५मध्ये मेकॉलेचं टिपण, १८५४मध्ये वुडचा खलिता, १८५७मध्ये मुंबई विद्यापीठ आणि १८५९मध्ये त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा. रानडे आणि भांडारकर त्याच पहिल्या तुकडीतले. परीक्षा आली की तिची पुस्तकं येतात. उत्तर हिंदुस्थानात शिक्षणखात्यात अधिकारी असलेल्या जे. सी. नेसफिल्ड यांची इंग्रजी व्याकरणं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून देशभर चालली. उत्तरेकडे आणि बंगालात आजही या धड्याला ‘नॅरेशन’ म्हणतात. आपल्याकडच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीनं इंग्रजी गिरवलं ते तर्खडकरांच्या भाषांतरमालेवरून. आणि मग १९३०च्या दशकात आलं ते लाल कव्हरचं जाडजूड रेन अँड मार्टिन. त्यातले पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते. कराचीच्या हायस्कूलचे ते हेडमास्तर होते आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. पुढे त्यांनी फ्रेंच फॉरिन लीजनवर ‘बो जेस्ट’ नावाची कादंबरी लिहिली, ती १९२४मध्ये आली आणि खूप गाजली. आपल्याला ‘एक्सक्लेम्ड विथ जॉय’ लिहायला लावणारा माणूस वाळवंटातल्या लढायांच्या गोष्टी लिहीत होता, हे आपल्याला तेव्हा कळलं असतं तर धडा जरा गोड लागला असता!

पण पुस्तकं आली म्हणजे गरज होतीच असं नाही. इथे गरज खरोखर होती. इंग्रज सरकारचा कारभार कागदावर चालायचा. सभेत कोण काय बोललं, अर्जदारानं काय सांगितलं, कलेक्टरसाहेब दौऱ्यावर काय म्हणाले, हे सगळं कुणीतरी दुसऱ्यानं तिसऱ्यासाठी लिहायचं असे. इंग्लंडच्या पार्लमेंटचे वृत्तान्तही एकोणिसाव्या शतकात बरेचसे याच वळणानं छापले जात. सन्माननीय सदस्य म्हणाले की त्यांना अमुक वाटत होतं. तरुणपणी चार्ल्स डिकन्स हेच काम करायचा. १९०९मध्ये पार्लमेंटनं स्वतःचे वार्ताहर नेमले आणि भाषणं ‘मी’ म्हणून, जशी झाली तशी छापायला सुरुवात केली. त्याआधी बातमीदार आणि कारकून दोघांचंही पोट या धड्यावर होतं. आजही आपल्या सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त काढून बघा. ‘सभासदांनी असे मत मांडले की पाण्याची टाकी गळत आहे.’ प्रत्यक्षात सभासद काय बोलले होते, ते सेक्रेटरीलाच ठाऊक!

मराठी वर्तमानपत्रांनीही आपली एक तिरकी चाल घडवली. ‘पाऊस समाधानकारक असल्याचे मंत्र्यांनी सांगितले.’ या ‘असल्याचे’मध्ये काळही उरत नाही आणि माणूसही उरत नाही. मंत्री ‘आहे’ म्हणाले, ‘होता’ म्हणाले की ‘होईल’ म्हणाले? बातमीवरून सांगता येत नाही.

बोलणं सांगण्यात किती मोठी गोष्ट अडकलेली असू शकते, याचं आपल्या जवळचं उदाहरण लोकमान्यांचं आहे. १९०८चा खटला आपण इतिहासात शिकलो, सहा वर्षं मंडाले. तो लेखांवरचा होता. १९१६चा आपल्याला फारसा शिकवला गेला नाही आणि तो होता बोलण्यावरचा. त्या वर्षी मे-जूनमध्ये टिळकांनी बेळगाव आणि अहमदनगर इथे होमरूलवर मराठीत भाषणं केली. पोलिसांच्या लघुलेखकांनी ती टिपून घेतली, मग त्यांचं इंग्रजी झालं आणि त्या इंग्रजीवरून त्यांच्यावर राजद्रोही भाषणाचा ठपका आला. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटनं वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. टिळकांनी हायकोर्टात दाद मागितली. त्यांच्या बाजूनं उभे होते बॅरिस्टर जिना. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शाह यांनी मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. भाषण सुटं सुटं तोडून वाचायचं नाही, सबंध वाचायचं आणि मग त्याचा अर्थ ठरवायचा, असा न्यायालयाचा रोख होता.

विचार करा. बेळगावच्या मैदानात एक माणूस मराठीत बोलला. दुसऱ्यानं ते खुणांच्या लिपीत उतरवलं. तिसऱ्यानं इंग्रजीत नेलं. चौथ्यानं त्यातली वाक्यं निवडून आरोप लिहिला. प्रत्येक पायरीवर कुणीतरी ठरवत होतं की हे ‘म्हणाले’ आहे, ‘सुचवलं’ आहे की ‘चिथावलं’ आहे. आपल्या तक्त्यातही तेच होतं. ‘सेड’ नुसतं ठेवायचं नाही. हुकूम असेल तर ‘ऑर्डर्ड’, विनंती असेल तर ‘रिक्वेस्टेड’, सल्ला असेल तर ‘अ‍ॅडव्हाइज्ड’. ‘पाणी दे’ हा हुकूम की विनंती, हे वाक्यात लिहिलेलं नसतं. ते आवाजात असतं, आणि आवाज सांगणाऱ्यानंच ऐकलेला असतो. एका मार्कासाठी आपण न्यायाधीशाचं काम करत होतो.

म्हणूनच कायदा सावध असतो. १८७२च्या पुरावा कायद्याचं साठावं कलम सांगायचं की तोंडी पुरावा थेट हवा. ऐकलेल्या गोष्टीची साक्ष द्यायची, तर ज्यानं स्वतः ऐकलं त्यानंच ती द्यायची. माझ्या धंद्यातही हाच नियम आहे. एखादा ग्राहक कळवतो, ‘सिस्टीम चालत नाही म्हणते.’ आम्ही विचारतो, नेमकं काय म्हणते? पडद्यावर आलेला मेसेज जसाच्या तसा पाठवा, शब्दही बदलू नका. कारण माणसानं समजून सांगितलेल्या चुकीवरून खरी चूक सापडायला दोन दिवस जातात. मशीनचे स्वतःचे शब्द मिळाले तर कित्येकदा दहा मिनिटांत काम होतं.

मराठीकडे मात्र एक असा शब्द आहे, जो बोलणाऱ्याला पुरता गायब करतो. तो म्हणजे ‘म्हणे’. ‘तिचं लग्न ठरलं म्हणे.’ कोण म्हणालं? कुणीच नाही. सगळेच. इंग्रजीत सांगायचं तर ‘इट इज सेड’ म्हणावं लागेल. ‘म्हणे’ लावलं की सांगणाऱ्याची जबाबदारी संपते. तक्त्यात हा शब्द नव्हता. असता तर कदाचित पुढची गोष्ट घडली नसती.

आपण नववीत होतो. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा. आपल्या वर्गातली एक मैत्रीण चार दिवस आली नव्हती. तिचं घर माझ्या वाटेवर. पाचव्या दिवशी सकाळी ती दारात उभी होती. मला म्हणाली, “बाबा म्हणतात, आता शाळा पुरे. पण तू बाईंना सांग, मला दहावी करायचीय. त्यांनी एकदा घरी येऊन बाबांशी बोलावं.”

मी धावत वर्गात पोचले, तेव्हा हजेरी चालू होती. तिचं नाव आलं. वर्गशिक्षिका बाईंनी वर पाहिलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, “बाई, ती आता येणार नाही म्हणे.”

बाईंनी मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं. उरलेलं मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी जाऊन सांगायचं मी ठरवलं होतं. त्या दिवशी धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी चाचणी होती. मग ते राहूनच गेलं. पटावरून तिचं नाव कधी कमी झालं, हेही माझ्या लक्षात आलं नाही.

तिच्या दोन वाक्यांची मी काय गत केली, पाहा. ‘बाबा म्हणतात’मधले बाबा गेले. ‘मला करायचीय’मधली ती गेली. ‘त्यांनी यावं’ ही विनंती तर पूर्णच गेली. उरलं ते ‘येणार नाही’, जणू तो तिचाच निर्णय होता. आणि शेवटी ‘म्हणे’, म्हणजे माझाही त्यात हात नाही. त्याच वर्षी इनडायरेक्ट स्पीचमध्ये मला पैकीच्या पैकी मार्क होते.

बाई घरी गेल्या असत्या तर तिचे बाबा ऐकले असते का? मला माहीत नाही. पण बाई दोन-तीन जणांच्या घरी गेल्याचं आपल्याला सगळ्यांना आठवतं, आणि त्यातली निदान एक जण या संमेलनाला येते आहे. बाई, तुम्ही हे वाचत असाल. तुमच्यापर्यंत तो निरोप पोचलाच नव्हता, एवढं मला सांगायचं होतं. तुम्ही गेला नाहीत, कारण तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. निरोप्याच्या तोंडात तो अडकला होता.

गेल्या वर्षी बॅचचा ग्रुप झाला, तेव्हा तिला मीच शोधून काढलं. लग्नानंतर, मुलगा बालवाडीत जायला लागल्यावर, तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि दहावी झाली. मग बारावीही. आता ती तिच्या गावी पोस्टात काम करते. फोनवर मी तिला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मला वाटत होतं, बाईंना सांगूनही त्या आल्या नाहीत. इतकी वर्षं मी त्यांच्यावर रागावले होते गं.”

माझ्या एका वाक्याचा भुर्दंड दोघींनी भरला होता. एकीनं शाळा सोडून, दुसरीनं नकळत बोल लावून घेऊन.

या स्मरणिकेत बॅचची नावं छापायची होती, ती समितीनं दहावीच्या निकालपत्रावरून काढली. साहजिकच तिचं नाव त्यात नव्हतं. मी समितीला फोन केला. त्यांनी काहीही फाटे न फोडता ते घातलं, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. यादीत ते तुम्हाला दिसेल. कोणतं, ते इथे सांगत नाही, कारण तशी तिची इच्छा आहे.

लेख छापण्याआधी मी तिला पूर्ण वाचून दाखवला. संमेलनाला येणार का, असंही विचारलं. या वेळी निरोप बदलत नाही. काळ, सर्वनाम, सगळं तिचं तिच्याकडेच ठेवते. ती म्हणाली, “बाईंना सांग, मी येतेय. आणि पहिल्या बाकावर बसणार आहे.”